सायकलीची पूजा

पन्नाशी उलटलेल्या पुरुषांनी घट्ट चड्ड्या घालून सकाळी सात वाजता दुसऱ्याच्या दारात उभं राहू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ऑकलंडच्या बॉटनी डाउन्समधल्या आमच्या घराच्या स्वयंपाकघराची खिडकी ड्राइव्हवेवर उघडते, त्यामुळे हे मत दर शनिवारी ताजं होत असे. तिथे नऊ जण जमायचे. सगळे मराठी, सगळे पुण्या-मुंबईचे. बहुतेक आयटीतले, एक दंतवैद्य, एक पुलांची गणितं करणारा इंजिनियर. पोटं पुढे, हेल्मेटं तिरकी, आणि पायांत ते टकटक वाजणारे बूट. त्या बुटांनी माझ्या लाकडी पायऱ्यांवर चरे पाडले होते. एकमेकांची चाकं दाबून बघायची, हवा किती हवी यावर वाद घालायचा, मनगटातली घड्याळं उपग्रहाला जोडली जाईपर्यंत आकाशाकडे बघत उभं राहायचं. एवढं होईपर्यंत पाऊण तास जायचा. सायकल चालवणं हा त्या कार्यक्रमातला अगदी छोटा भाग होता.

या प्रकाराला ग्रॅव्हल बाइकिंग म्हणतात. म्हणजे चांगला डांबरी रस्ता सोडून मुद्दाम खडीच्या रस्त्यावर सायकल चालवायची. त्यासाठी जाड टायरची, वाकड्या हँडलची खास सायकल लागते. आमच्या आईवडिलांनी वर्षानुवर्षं नगरसेवकाच्या मागे लागून घरापुढच्या खडीवर डांबर घालून घेतलं. त्यांची मुलं विमानात बसून पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला आली आणि तिथे खडी शोधत हिंडायला लागली. बरं, इथे खडीची ददात नाही. खडीच्या रस्त्याला इथले लोक मेटल रोड म्हणतात. पुकेकोहेची कांद्याची शेतं ओलांडून दक्षिणेला गेलं की वायकाटो नदीच्या अंगाने असे रस्ते हवे तेवढे आहेत. एका हाताला रुंद, संथ नदी, दुसऱ्या हाताला गाईंनी चरून चरून पायऱ्या पाडलेल्या हिरव्या टेकड्या, आणि वर कोणी विचारणारं नाही. सगळं घरापासून तासाभरावर.

पण नाही. यांना इटली हवी होती.

इटलीचं खूळ ज्याने काढलं त्याला सगळे कप्तान म्हणायचे. तो एका मोठ्या कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर होता आणि घरी आल्यावरही त्याचं ते उतरत नसे. आमच्या दिवाणखान्यात, आमच्याच टीव्हीवर, माझेच पोहे खात त्याने इटलीच्या स्लाइड दाखवल्या होत्या. टस्कनीच्या टेकड्या, नदीकाठचे पांढरे खडीचे रस्ते, उंच सडसडीत झाडांच्या रांगा, द्राक्षाचे मळे. मध्येच एक तक्ता, त्यात दर दिवसाची चढण. "धिस इज नॉट अ हॉलिडे," तो म्हणाला, "इट्स अ जर्नी." आणि पोह्यांवर लिंबू पिळून घेतलं. बाकीचे माना डोलावत होते. नदी इथेही आहे, टेकड्या इथेही आहेत, असं मी स्वयंपाकघरातून म्हटलं, तर कप्तान मला समजावून सांगायला लागला की वहिनी, तिथल्या टेकड्यांना हिस्टरी आहे. मी कढई घासायला घेतली.

इटलीतल्या वाटाड्याच्या गाडीत आठच सायकली मावत होत्या. नऊ जण, आठ जागा. नववा कोण हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण तो दर शनिवारी सगळ्यांच्या शेवटी परत यायचा. तो माझा नवरा.

"नो पॉलिटिक्स," कप्तान म्हणाला. "दसऱ्यानंतरच्या रविवारी आपण नदीवरची मोठी राइड करू. साठ किलोमीटर. जे ग्रुपबरोबर टिकतील ते एप्रिलमध्ये इटलीला. इट्स नॉट पर्सनल, हां." नॉट पर्सनल म्हणताना तो माझ्या नवऱ्याकडेच बघत होता.

नवरा हसला. तो असाच हसतो. कोणी टपली मारली तरी आधी हसून घेतो.

त्याच्याबद्दल सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी त्याच्या कंपनीने त्याचा अख्खा विभाग बंद केला. इथे अशी वेळ पुष्कळांवर येते. लोक महिनाभर हळहळतात आणि दुसरीकडे लागतात. हा आठ महिने जेवणाच्या टेबलाशी बसून राहिला. रोज दाढी करायचा, इस्त्रीचा शर्ट घालायचा, लॅपटॉप उघडायचा आणि भिंतीकडे बघत बसायचा. मला भीती वाटायची आणि चीडही यायची. बोलून दाखवली ती चीडच. मग कुठेतरी कॉन्ट्रॅक्टचं काम मिळालं आणि त्याच सुमाराला कोणीतरी त्याला या सायकलवाल्यांच्या नादी लावलं. पहिल्या शनिवारी तो बाकीच्यांच्या मागून अर्ध्या तासाने घरी आला, चिखलाने माखलेला, आणि ओट्याशी उभ्या उभ्या चार पोळ्या खाल्ल्या. आठ महिन्यांत त्याने स्वतःहून मागून काही खाल्लं नव्हतं.

इटलीचं ठरल्यापासून तो सकाळी चहा पिताना फोनवरून इटालियन शिकायला लागला. "उन काफ्फे, पेर फावोरे," तो साखरेच्या डब्याला म्हणायचा. म्हणजे एक कॉफी, कृपया.

"चहा आहे," मी म्हणायची. "उकळलाय. गाळून घे."

आमची मुलगी युनिव्हर्सिटीत आहे. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. "मम, बी नाइस," ती टोस्टमधून तोंड काढून म्हणायची. "ही इज हॅपी."

तो हॅपी होता हे मलाही दिसत होतं. त्या आठ महिन्यांनंतर त्याने आयुष्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट होती. दिसत असूनही मी टोमणे मारत होते, कारण टोमणे मारणं मला सवयीने येतं आणि तो ऐकून घेतो.

मी फार्मसिस्ट आहे. मनुरेवात एकाच दुकानात एकोणीस वर्षं. डॉक्टरचं अक्षर, गोळीचा रंग, पेशंटचं वय, तीन-तीनदा तपासल्याशिवाय पुडकं माझ्या हातातून सुटत नाही. आमच्याकडे चुका लिहायची एक वही असते. कोणी चुकीचं औषध दिलं, डोस चुकला, की काय झालं ते त्यात लिहून सही करायची. त्या वहीत माझी सही एकदाही नाही. ही गोष्ट मी घरी किती वेळा ऐकवली असेल ते विचारू नका. मुलीने किल्ली हरवली की ऐकवते, नवऱ्याने दूध उतू घालवलं की ऐकवते.

दसरा त्या वर्षी आठवड्याच्या मध्ये आला. नवरा कामावर, मला सुट्टी. दुपारी सासूबाईंचा पुण्याहून व्हिडिओ कॉल आला. तिकडे सकाळ होती, त्यांचे केस अजून ओले होते.

"गाडीची पूजा केलीस?"

"केली, आई."

"आणि सायकलीची?"

"सायकलीची कसली पूजा, आई? खेळणं आहे ते."

"खेळणं काय? त्या सायकलीवर बसूनच माझा मुलगा माणसात आलाय. तिची आधी करायची." आणि पुढे म्हणाल्या, "निगुतीने कर. उरकू नकोस."

मी उरकलीच. तबक घेऊन गॅरेजमध्ये गेले. इथे ऑक्टोबरात वसंत असतो, झेंडूचं नाव नको, म्हणून सुपरमार्केटमधली पिवळी शेवंती ओवून हार केला होता. तो वाकड्या हँडलला अडकवला. कुंकू लावायला गेले तर सायकल काळीकुट्ट, त्यावर काही टिकेना. बोट ओढलं की कुंकू झडून खाली. एवढ्या महागाची वस्तू आणि कुंकू लावायला जागा नाही, असं काहीबाही पुटपुटत मी तिच्याभोवती फिरले. मग चाकांच्या मध्याशी मला त्या तबकड्या दिसल्या. दोन चाकांना दोन, स्टीलच्या, चकचकीत, बारीक नक्षीसारखी भोकं पाडलेल्या. मला वाटलं, शोभेच्या असतील. या लोकांना शोभेचं वेड आहेच.

माझ्या माहेरी दसऱ्याला सायकली धुऊन पुसून वडील फिरणाऱ्या प्रत्येक भागाला तेल सोडायचे. चेनला, पेडलला, चाकाच्या आसाला. मग त्यावर कुंकवाचं बोट. त्या सायकलींचे ब्रेक म्हणजे रबराची दोन गुटकी, वरती रिमला दाबणारी. खाली तेल कितीही सांडलं तरी काही बिघडत नसे. सायकलीबद्दलचं माझं ज्ञान तिथेच थांबलं होतं आणि ते पुरेसं आहे अशी माझी खात्री होती.

मी आत जाऊन तिळाचं तेल आणलं, वाटीत कुंकू कालवलं आणि दोन्ही तबकड्यांवर स्वस्तिक काढलं. लेबल चिकटवावं तितकं सरळ. वडिलांची आठवण म्हणून आसाशीही दोन-दोन थेंब सोडले. ओवाळलं, नमस्कार केला. सगळं मिळून चार मिनिटं.

तासाभराने कपडे वाळत घालायला पुन्हा गॅरेजमध्ये गेले तेव्हा मनात आलं, हे कुंकू याच्या चड्डीला लागलं तर घासायचं मलाच. म्हणून ओट्यावरचं फडकं आणलं आणि चाक गरगर फिरवत दोन्ही तबकड्या पुसून काढल्या. पुढून, मागून. आधीपेक्षाही चकाकायला लागल्या. संध्याकाळी नवऱ्याने हार घातलेली सायकल बघितली, हात जोडले आणि म्हणाला, "छान केलंस." त्याचा चेहरा फुलला होता. पुढचे दिवस कप्तानाच्या फर्मानानुसार पायांना विश्रांती होती, त्यामुळे रविवारपर्यंत सायकल जागेवरून हलली नाही.

रविवारी आम्ही बायका गाड्यांतून खाणं घेऊन पुढे गेलो. ही या सायकलवाल्यांची रीत होती. सात समुद्र ओलांडून स्वावलंबनाच्या गप्पा मारायच्या आणि साठ किलोमीटरवर गरम थालीपीठ तयार हवं. टेकडीवरून येणारा खडीचा रस्ता जिथे नदीकाठच्या सपाटीला लागतो, तिथे गवताचा मोकळा तुकडा आहे. तिथे आम्ही घडीचं टेबल मांडलं. थालीपीठं, दही, शेंगदाण्याची चटणी, केळी. दंतवैद्याची बायको नर्स आहे. ती रात्रपाळी करून तशीच आली होती आणि उभ्या उभ्या पेंगत होती. तिचा नवरा घरी आला की सोफ्यावर पाय वर करून दोन तास पडतो, असं तिनेच सांगितलं. मी म्हटलं, मग इटलीत काय करणार आहे? ती म्हणाली, तिथे पडेल, हिस्टरीवर.

पहिला कप्तान आला. वळणावरून खाली येताना त्याने हात वर केला, जणू दुतर्फा गर्दी उभी होती. मग एकेक करत बाकीचे. माझा नवरा नव्हता.

"येतोय," कप्तान केळं सोलत म्हणाला. "चढणीवर चक्क बरोबर होता आज, आय मस्ट से. पण सकाळपासून त्याची सायकल किंचाळतेय. ब्रेक दाबला की केवढा आवाज! मेंटेनन्स नाही ना."

चढणीवर बरोबर होता, हे ऐकून मला बरं वाटलं. ते मी चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

तेवढ्यात तो आवाज आला. वळणामागून, आधी एखादं जनावर ओरडावं तसा, मग एकदम बंद. आणि नवरा दिसला. तो फार जोरात येत होता. दोन्ही हातांची बोटं ब्रेकवर आवळलेली मला लांबूनही दिसत होती, आणि सायकल थांबत नव्हती. रस्ता सरळ आमच्या टेबलावर येत होता. टेबलाशी आम्ही सगळे उभे, पलीकडे नदी. त्याने एकदा आमच्याकडे बघितलं आणि हँडल डावीकडे वळवलं. तिथे एक चर होता आणि चरात हाराकेके, म्हणजे इथलं ते तलवारीसारख्या पानांचं दाट झुडूप. तो सायकलीसकट त्यात शिरला.

खांद्याचं हाड मोडलं होतं. गालावर पानांचे ओरखडे. नर्सने दोन मिनिटांत हात गळ्यात बांधला. त्या क्षणी ती एकटीच कामाचं काही करत होती. बाकीचे गोल करून उभे राहिले आणि आपापलं निदान सांगायला लागले. घाबरला. फ्रीझ झाला. वजन मागे टाकायला हवं होतं. "टेक्निकली नॉट रेडी," कप्तान म्हणाला आणि मान हलवली. "चढता येणं वेगळं, उतरता येणं वेगळं. आय अ‍ॅम सॉरी, पण सेफ्टी फर्स्ट."

आणि मी? मी त्याच्याजवळ गुडघे टेकून बसले होते आणि तोंडाचा पट्टा सुटला होता. "सांगत होते मी! कितीदा सांगितलं! लहान मूल आहेस का? उतरायला जमत नव्हतं तर खाली उतरून चालत यायचं. सगळ्यांसमोर शोभा करून घेतलीस!"

सगळे ऐकत होते. तो चरात पाठीवर पडून माझ्याकडे बघत होता. कसल्यातरी विचाराने त्याचा चेहरा क्षणभर निवांत झाला.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

इटलीतली आठवी जागा बाकीच्यांत शेवटी पोचलेल्या दंतवैद्याला मिळाली.

पाचेक आठवड्यांनी सायकल दुरुस्त होऊन आली. नवऱ्याचा हात अजून गळ्यात होता म्हणून ती आणायला दुकानात मी गेले. तिथे सायकली दुरुस्त करणाऱ्या माओरी बाई आहेत, साठीच्या, हातांना कायम काळं ग्रीस. "किआ ओरा," त्या म्हणाल्या आणि मला एक छोटी प्लास्टिकची पिशवी दिली. आत जुने ब्रेक पॅड होते, नखाएवढे. मग त्यांनी चाकाची ती तबकडी बोटाने दाखवली आणि मला इंग्रजीत, एखाद्या पेशंटला डोस समजावून सांगावा तशा संथपणे समजावलं. ब्रेक हाच आहे. हे पॅड या डिस्कला दोन्हीकडून चिमटीत धरतात, तेव्हा सायकल थांबते. या डिस्कला बोटाचा तेलकट डागसुद्धा चालत नाही. "आणि तुझ्या नवऱ्याने इथे तेल ओतलंय. स्वयंपाकाचं! त्यानेच फोनवर सांगितलं, सगळीकडे तेल घातलं म्हणून. सांग त्याला, इथे फक्त आयसोप्रोपिल अल्कोहोल लावायचं. फार्मसीत मिळतं."

मी पिशवी उजेडात धरली. पॅडच्या कडेला लाल रेघ होती.

आयसोप्रोपिल अल्कोहोल मी रोज विकते. माझ्या डाव्या हाताच्या फळीवर, खालून दुसऱ्या ओळीत.

घरी आले तेव्हा नवरा जेवणाच्या टेबलाशी बसला होता. लॅपटॉप उघडा होता. इटालियन बंद झालं होतं, अपघाताच्या दुसऱ्या दिवसापासूनच. मी पिशवी त्याच्यापुढे ठेवली.

"तुला कधी कळलं?"

"उतारावर," तो म्हणाला. "डिस्क तापल्या ना, तसा वास आला. तिळाच्या तेलाचा. आधी वाटलं, भास झाला. दिवाळीत आई अंगाला तेल लावायची तसा वास."

"म्हणजे चरात पडला होतास तेव्हा तुला माहीत होतं. मी एवढी बोलत होते तेव्हा."

"हो."

"मग सांगायचं नाही?"

"एकोणीस वर्षांत तुझी एक चूक नाही," तो म्हणाला. "सगळ्या घराला पाठ आहे ते. माझ्या सायकलीपायी कशाला मोडायचं?"

त्यात टोमणा नव्हता. त्याला टोमणा मारता येत नाही, हे मला इतक्या वर्षांच्या संसारानंतर पक्कं ठाऊक आहे. टोमणा असता तर मला उत्तर देता आलं असतं.

आता मी काय करायला हवं होतं ते कोणीही सांगेल. कप्तानाला फोन करायचा. ब्रेकला तेल मी लावलं, त्याला उतरता येतं, त्याची जागा त्याला द्या. नोव्हेंबर होता, एप्रिलला वेळ होता, हाड तोवर जुळणार होतं. दोन मिनिटांचा फोन. मी केला नाही. आज करू, उद्या करू. दंतवैद्याने इटलीसाठी नवी सायकल घेतली, त्याचा हिरमोड कशाला? आणि ती इटली असते तरी काय मोठी? न गेलेलं बरं, तिथे पुन्हा पडला तर? अशी एकाहून एक शहाणी कारणं मी शोधून काढली. खरं कारण एकच होतं. कप्तान हसेल, आणि मग सगळे हसतील, आणि फार्मसिस्ट वहिनींनी ब्रेकला कुंकू लावलं ही गोष्ट ऑकलंडच्या प्रत्येक मराठी गणपतीत दहा वर्षं सांगितली जाईल. ते मला सोसणार नव्हतं. जी बाई दर शनिवारी खिडकीत उभी राहून दुसऱ्यांना हसत होती, तिला स्वतःवरचं एक हसू सोसवत नव्हतं.

नवऱ्याने विषय पुन्हा काढला नाही. शनिवारी ड्राइव्हवेवर आठच जण जमायला लागले, कारण हाड जुळल्यावरही तो गेला नाही. "नेक्स्ट टाइम बाजूची छोटी चाकं लावून ये," असं कोणीतरी म्हणायचं आणि तो खिडकीतून हसायचा.

एप्रिलमध्ये, निघायच्या आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, सगळे आमच्याकडे आले. वहिनींच्या हातचे पोहे खाल्ल्याशिवाय विमानात बसायचं नाही, असं कप्तानाने परस्पर जाहीर केलं होतं. आठ जणांनी एकसारखे टी-शर्ट घातले होते, पाठीवर इटलीचा नकाशा. तो शर्ट पोटावर ताणला गेल्यामुळे मागचा नकाशा वर सरकला होता आणि देशाचं टोक कमरेच्या वर लोंबकळत होतं. माझी मुलगी माझ्या कानात म्हणाली, "ओ माय गॉड." मी एरवी त्यावर दहा वाक्यं बोलले असते.

पोहे खाऊन होत आले तेव्हा कप्तान उभा राहिला. चमच्याने कप वाजवला. म्हणाला, आपला एक सैनिक मागे राहतोय, त्याच्यासाठी भेट आणलीय. आणि नवऱ्याच्या हातात एक खोकं दिलं. आत लहान मुलांच्या सायकलीला लावतात ती दोन छोटी चाकं होती, लाल रंगाची, रिबीन बांधलेली.

"ब्रेक मारायला शिकेपर्यंत!" कप्तान म्हणाला.

सगळे खो खो हसले. नवराही हसला. त्याने चाकं हातात घेऊन फिरवून बघितली, "स्वीट अ‍ॅज," म्हणजे इथल्या भाषेत झकास, असं म्हणाला, आणि पुन्हा हसला. पण त्याचा चेहरा मी जेवणाच्या टेबलाशी आठ महिने बघितला होता. तोच चेहरा मला त्या हसण्याच्या मागे दिसला.

"ब्रेकला तेल मी लावलं होतं," मी म्हणाले.

माझ्या हातात पोह्यांची परात होती. आवाज मला वाटलं त्यापेक्षा मोठा निघाला. "दसऱ्याला. तिळाचं तेल आणि कुंकू, त्या डिस्कवर. मला माहीत नव्हतं तो ब्रेक आहे. तो घाबरला नव्हता. त्याला उतरता येतं. ब्रेक लागतच नव्हते, आणि आपल्या अंगावर येऊ नये म्हणून तो चरात गेला. मला नोव्हेंबरपासून माहीत आहे. मी बोलले नाही."

माझी मुलगी माझ्याकडे बघत राहिली. दंतवैद्याने हातातली बशी खाली ठेवली आणि अंगातल्या टी-शर्टकडे बघितलं. मग कप्तानाला उमज पडला, आणि त्याच्या पोटातून ते हसू वर येताना मला दिसलं.

"ब्रेकला कुंकू!" तो म्हणाला. "वहिनी! अहो, फार्मसिस्ट ना तुम्ही? ब्रेकला हळद-कुंकू! यू आर अ लेजेंड! ओटी नाही भरलीत?" तो सोफ्यावर कोसळला. बाकीचे आधी चाचरले, मग त्यांनाही आवरेना. पुलांच्या इंजिनियरला ठसका लागला. कोणीतरी म्हणालं, इटलीत पहिल्या उतारावर वहिनींच्या नावाने नारळ फोडायचा. मी परात धरून उभी होते. कान तापले होते. जे टाळायला मी पाच महिने तोंड शिवून बसले होते ते अगदी तसंच, शब्दाला शब्द, होत होतं.

नवरा मात्र हसत नव्हता. त्याने ती दोन लाल चाकं टेबलावर ठेवली.

"हसू नका," तो म्हणाला.

कोणाला ऐकू गेलं नाही. तो उठला, माझ्या हातातली परात घेतली आणि बाजूला ठेवली. "तिच्यावर कोणी हसायचं नाही," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण सव्वीस वर्षांच्या संसारात मी तो तसा ऐकला नव्हता. कप्तानाचं हसू अर्ध्यावर थांबलं. "चहा झाला असेल तर निघा आता. उद्या तुमचं विमान आहे."

ते निघाले. टकटक वाजणारे बूट नव्हते पायांत, तरी पायऱ्यांवर मला तेच ऐकू आलं. मी ओट्याशी उभी राहिले. पाच महिने ते त्याच्यावर हसत होते, आणि "हसू नका" असं मी एकदाही म्हणाले नव्हते.